कंसातलं गिऱ्हाईक

बेअरिंगच्या धंद्यात ग्रीस हाताला लावावं लागत नाही, ते लागतंच. किस्स्यांचंही तसंच! चाकणला दुकान टाकलं, की गल्ला भरो न भरो, किस्से साठतात.

आता हे पायथनचंच घ्या, कॉम्प्युटरला कामं सांगायची भाषा. ही गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही. मुलगा निखिल माण गावाला, आयटी कंपनीत. अंतर थोडंच, पण ट्रॅफिक असं की परदेशी असल्यासारखा! म्हटलं, त्याची भाषा शिकू. व्हिडिओ बघून शिकलो. अडलं की त्याला फोन.

कुरुळीचे अण्णा रोज दुकानात चहाला असतात. त्यांना दाखवलं : पायथन लिहायचं स्क्रीनवरचं पान, त्याला नोटबुक म्हणतात, त्यात ओळीच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह टाकलं, की पुढची ऑर्डर पायथनला नाही, थेट कॉम्प्युटरला जाते.

अण्णा म्हणाले, "व्हय, वरडल्याबिगर कोन काम करतंय!"

•

गिऱ्हाइकाचं फोल्डर करायला गेलो. पायथनमध्ये girhaik नावाचा कप्पा केला होता, त्यात कंपनीचं नाव भरलेलं होतं, पण ऑर्डरीत girhaik हा शब्द तसाच उघडा लिहिला. फोल्डर झालं 'girhaik' नावाचंच!

निखिल फोनवर हसला. "बाबा, महिरपी कंसात घाला. नाहीतर त्याला नुसती पाटी दिसते, घरातला माणूस नाही."

अण्णा म्हणाले, "आमच्यात 'पाटील' म्हनून हाळी द्या, निम्मं गाव वळतंय!"

•

एकदा लाईट गेली. कॉम्प्युटर परत चालू झाला, पण भरून ठेवलेली नावं विसरला. मी आपला लेबलं छापून मोकळा! कंपनीच्या स्टोअरमधून फोन आला, "शेठ, खोक्यावर कंसात 'girhaik' लिहिलंय. आमचं नाव विसरलात होय?"

"मी नाही हो, मशीन विसरलं!"

निखिलला सांगितलं. "रीस्टार्ट झालं की नाव परत सांगावं लागतं, बाबा. मीटिंग आहे, ठेवतो."

•

परवाचा गुरुवार. इथल्या कंपन्यांना आठवड्याची सुट्टी, दुकानात मी आणि अण्णा. लेबल पहिल्याच फटक्यात बरोबर आलं! अण्णांनी टाळी दिली.

मी जरा वेळ स्क्रीनकडे बघत बसलो. मग कंस पुसला आणि फोन लावला.

"निखिल, अरे परत तेच. नाव उमटत नाही."

"कंस घातलाय ना?"

"घातलाय की."

मागून अण्णा ओरडले, "अवो शेठ, मघाशी तर झ्याक छापलं हुतं!"

फोनमधून येणारी कीबोर्डची टकटक थांबली.

"बाबा," निखिल म्हणाला, "हे फोनवर सुटायचं नाही. निघतो मी. आणि ऐका, मी येईपर्यंत त्या कंसाला हात लावू नका!"