निर्मलाबाईंनी चहा टाकला नाही

बिरसीच्या निर्मलाबाईंच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली. एवढ्या काळात घरात त्यांचं मत एकाच बाबतीत विचारलं गेलं: आज भाजी कोणती.

सून प्रेमिलाला पाचवा महिना होता. तिच्या हृदयाची झडप आधीच खराब, आता चार पावलांत धाप लागायची. गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी सकाळी स्पष्ट सांगितलं, गर्भ ठेवला तर बाई जाईल आणि तिच्याबरोबर पोटातलंही. आजच भरती करा. तरी मुलगा इंद्रकुमार बायकोला घेऊन घरी परतला. बाबांना विचारायचं होतं ना!

मग घरापुढच्या छपरीत बैठक बसली. पाच बाप्ये, एकालाही कधी दिवस गेलेले नव्हते, त्यामुळे विषयाचा अभ्यास दांडगा. भजनी मंडळाचे लीलाधरभाऊ म्हणाले, "जीव घेनं म्हंजे पाप होय जी." पाप बापाला लागेल की आज्याला, यावर तासभर खल झाला. आतल्या खोलीत प्रेमिला भिंतीला टेकून श्वास ओढत होती. तिला विचारायला एवढ्या पुण्यवान माणसांना सवड कुठून मिळणार?

"चहा आन वं," निर्मलाबाईंचे नवरे केशोरावांनी तिसऱ्यांदा हाक मारली.

निर्मलाबाई रिकाम्या हातांनी उंबऱ्यात आल्या. "मागच्या साली म्हस अडली, तवा डॉक्टरले काय म्हनलं जी तुमी? रेडकू कापून काढा, पन म्हस वाचवा. तवा काऊन नाही बसवली बैठक?"

लीलाधरभाऊंना खोकला आला. केशोराव पुटपुटले, "म्हशीची गोष्ट अलग आहे."

"हो जी. म्हस इकत आनली होती, सून फुकटात आली."

त्यांनी शेजारच्या सुकरामचा ऑटो बोलावला आणि प्रेमिलाला धरून मागे बसवलं. इंद्रकुमार गुमान पुढे सुकरामशेजारी बसला.

दवाखान्यात निर्मलाबाईंनी घाबरत विचारलं, "घरच्या मानसाची सही?"

"नाही लागत. हिचीच लागते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

प्रेमिलानं पेन हातात घेतलं. "माय, पाप लागन का?"

"लागलं तं मले लागू दे. तुह्या आचलले माय पायजे. चार सालाची पोरगी आहे."

सही करून प्रेमिला पोटावर हात ठेवून रडली. निर्मलाबाईही रडल्या, ते बाळ त्यांनाही हवं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केशोरावांचा फोन आला. "बैठकीनं होकार देला. करू द्या."

"प्रेमिला शुद्धीवर आली. पानी मांगून राहिली," असं म्हणून निर्मलाबाईंनी फोन ठेवला.