बांबूच्या पंखांचं विमान

चांद्याच्या बाजारात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. एक दिवस कागद कारखान्यातले इंजिनियर साहेब तिथे आले आणि त्यांनी रुमालात गुंडाळलेली एक वस्तू माझ्यापुढे ठेवली. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मी पंचवीस वर्षांचा होतो, आणि रेडिओतलं आपल्याला न कळणारं काही जगात नाही असा माझा समज होता.

रुमालात साबणाच्या वडीएवढा एक रेडिओ होता. एकच व्हॉल्व्ह, एक कॉइल, एक रिले. स्पीकरचा पत्ता नाही.

"हा बोलत नाई का, साहेब?"

"नाही. हा फक्त ऐकतो. विमानात बसून ऐकतो आणि मी सांगेन तिकडे विमान वळवतो."

साहेब पुण्याकडचे, चाळिशीचे, बोलायला मोजके. पण विमानाचं नाव निघालं की थांबायचे नाहीत. चार हात पंखांचं विमान, त्यात छोटं इंजिन, आणि जमिनीवर एक पेटी. पेटीला लांब वायरनं जोडलेलं बटण दाबलं की वर उडणारं विमान वळतं. हे सगळं त्यांनी विलायतेहून बोटीनं मागवलं होतं. वायरलेसचा परवाना मिळवण्यात वर्ष गेलं होतं. आणि एवढं करून सामान हातात पडलं तेव्हा रेडिओची कॉइल तुटलेली.

केसाहून बारीक तार होती ती. श्वास रोखून मी तिला टाका दिला. मग साहेब पेटी घेऊन बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, पार पिंपळापाशी जाऊन उभे राहिले. मी रेडिओ कानाशी धरून बसलो. टिक. थोड्या वेळानं पुन्हा टिक. मी दुकान उघडंच टाकून पिंपळापर्यंत पळत गेलो. "ऐकलं त्यानं, साहेब. दोनदा ऐकलं." साहेबांनी माझे दोन्ही खांदे धरून हलवले. त्या दिवसापासून रविवार माझा राहिला नाही.

मूल गावाच्या रस्त्याला, जंगलाच्या कडेशी, धान कापून मोकळी झालेली एक मोठी बांधी साहेबांनी हेरली होती. इंजिन अंगठ्याएवढं. त्याचं तेल साहेब घरी बनवायचे: ईथर, एरंडेल आणि घासलेट. त्या वासानं साहेबांच्या जीपमध्ये डोकं गरगरायचं. विमानाच्या नाकावरचा पंखा बोटानं फिरवून इंजिन सुरू करायचं. पहिल्याच खेपेला पंख्यानं माझं नख उडवलं. रक्त येत होतं, पण इंजिन पेटलं होतं आणि असं किंचाळत होतं की बोटाकडे बघायला मला सवडच नव्हती.

या विमानाची एक खोड होती, ती इथेच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. बटण एकदा दाबलं की विमान उजवीकडे वळायचं. सोडलं की सरळ. पुन्हा दाबलं की डावीकडे. म्हणजे उडवणाऱ्यानं सतत लक्षात ठेवायचं की मागची खेप उजवी होती की डावी. शिवाय सुकाणू फिरवण्याची ताकद रेडिओत नव्हतीच. ती होती पोटात बसवलेल्या रबराच्या पिळात. रेडिओ फक्त खिट्टी सोडायचा. म्हणून दर उड्डाणाआधी रबराला पीळ भरावा लागे. ते काम माझं.

पहिलं विमान हातातून सुटलं, ताडाएवढं उंच गेलं, उजवीकडे झकास वळलं. साहेबांना लगेच पुन्हा उजवीकडेच न्यायचं होतं. त्यांनी बटण दाबलं, विमान डावीकडे कलंडलं, साहेब गोंधळले, त्यांनी आणखी दोनदा दाबलं आणि विमान नाकावर धुऱ्यात, शेताच्या बांधात, घुसलं. मी दहापर्यंतसुद्धा मोजू शकलो नसतो. पंखांचा चुरा झाला. विलायती हलक्या लाकडाचे पंख, आपल्याकडे ते लाकूड मिळत नाही. साहेब गुडघ्यावर बसून एकेक कपची आपल्या हॅटमध्ये गोळा करत होते. मी म्हटलं, "इंजिन चांगलं आहे. रेडिओ बी चांगला आहे." त्यांनी मान हलवली. 

बांबूची कल्पना माझी. साहेब आधी हसले. तरी दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर बुरडांच्या मोहल्ल्यात आले. तिथे सुपं आणि टोपल्या विणणारी एक विधवा बाई होती, पन्नाशीची. मोडलेल्या पंखाचा मोठा तुकडा तिनं तळहातावर ठेवून पाहिला.

"हे कायचं टोपलं आहे?"

"टोपलं नाई, बाई. इमान आहे. खरोखर उडते."

"मानूस बसते यात?"

"नाई."

"मंग बरं आहे," ती म्हणाली आणि बांबूच्या ढिगाकडे वळली. एकेक बांबू बोटानं ठोकून ती आवाज ऐकत होती. साहेब नकाशा पसरून मापं सांगू लागले, तशी ती म्हणाली, "कागद राहू द्या, साहेब. वजन सांगा. किती हलकं पाहिजे?" साहेबांनी खिशातलं पेन काढून तिच्या हातात दिलं. एक पंख या पेनाच्या चौपट, त्याच्यावर नको. तिनं पेन तोललं आणि कोयतीनं बांबू फाडायला बसली. फाडता फाडता बांबूची कांब इतकी बारीक झाली की तिनं ती वाकवून दोन्ही टोकं जुळवली आणि सोडली तर सपकन सरळ.

पंखाच्या फासळ्या तिच्या, पोटाची चौकट आमची, सावरीच्या लाकडाची. वरून पतंगाचा कागद, सरसानं चिकटवून रोगण मारलेला. तीन आठवडे आम्ही तिच्या अंगणात बसलो. ती साहेबांवर ओरडायची, "दाबून नका धरू, मोडन," आणि कारखान्यात शंभर माणसांवर हुकूम चालवणारे साहेब निमूट हात काढून घ्यायचे.

दुसरं विमान उडवलं तेव्हा ती बघायला आली. आमच्याबरोबर जीपमध्ये, मागच्या बाकावर, विमान मांडीवर घेऊन. मोहफुलं पडायला लागली होती आणि जंगलाकडून वारा आला की त्यांचा गोड वास बांधीभर पसरायचा. मी पीळ भरला, साहेबांनी पेटी तपासली, मी विमान धरून पळालो आणि सोडलं.

ते वर गेलं. धुऱ्यावरून, पळसावरून, वर. कागदातून ऊन आरपार येत होतं आणि बाईच्या फासळ्या खालून एकूण एक मोजता येत होत्या. उजवं वळण, सरळ, डावं वळण. त्यानं आमच्या डोक्यावर पूर्ण फेरा घेतला. मी मान वर करून गरागरा फिरत होतो, तसाच पडलो आणि पडल्या पडल्या बघत राहिलो. तेल संपलं, इंजिन थांबलं, आणि अचानक झालेल्या शांततेत ते सळसळत खाली आलं आणि कापणीनंतर उरलेल्या धानाच्या फणकटांवर आपटून थांबलं. एक चाक वाकलं होतं. बाकी काही नाही.

"अजून एकदा," साहेब म्हणाले. 

चाक मी हातानंच सरळ केलं, तेल भरलं, पंखा मारला. आसपासची माणसं गोळा झाली होती, जो तो काही विचारत होता आणि मी छाती काढून सगळ्यांना उत्तरं देत होतो. विमान सोडलं. ते उंच गेलं आणि सरळ जंगलाकडे निघालं. साहेबांनी बटण दाबलं. ते सरळच. साहेब दाबत राहिले, अंगठा पांढरा पडेपर्यंत. इंजिनचा आवाज बारीक होत गेला, झाडांच्या शेंड्यांवर एक ठिपका राहिला आणि मग तोही दिसेना.

त्याच क्षणी मला कळलं. माझ्या बोटांना कळलं. पीळ मी एकदाच भरला होता.

"बॅटरी जुनी होती," साहेब म्हणत होते. "मीच घाई केली. नवी घालायला हवी होती." मी तोंड उघडलं नाही.

तीन दिवस आम्ही त्या जंगलात फिरलो. साहेबांनी रजा टाकली. चालता चालता ते मधेच थांबायचे, त्या बॅटरीचा हिशेब मांडायचे, स्वतःला बोल लावायचे. दर वेळी मी ठरवायचो, आता सांगायचं. दर वेळी पुढचं झाड यायचं. तिसऱ्या दिवशी बाईच म्हणाली, "वरतं पाहून काऊन फिरून राह्यले? मोह येचनाऱ्यायले विचारा. ते लोक पहाटपासून झाडाखालीच रायते."

तासाभराच्या चालीवर गोंडांचा एक टोला, पाच-दहा घरांची वस्ती, होता. तिथल्या एका म्हाताऱ्याला साहेब विमान म्हणजे काय ते समजावून सांगू लागले. त्यानं हात वर करून त्यांना थांबवलं.

"आमच्या भावाच्या मोहावर आहे ते. तीन दिवस झाले."

"मग उतरवलं का नाही?"

"झाड त्याचं आहे. तो बाजारात गेला होता. आज आला."

भाऊ आला, झाडावर चढला आणि विमान दोरीला बांधून, फांद्या चुकवत, हळूहळू खाली सोडलं. त्याची बायको खाली वेचत होती. तिनं टोपली बाजूला घेऊन ते दोन्ही हातांनी झेललं. एका पंखाचा कागद फाटून लोंबत होता. फासळी एकही मोडली नव्हती. साहेबांनी पोटाचं झाकण उघडलं. बॅटरी पाहिली. मग रबर पाहिलं. ते सैल लोंबत होतं, पिळाचा एक वळसाही त्यात नव्हता.

"साहेब," मी म्हटलं, "पीळ मी भरला नव्हता."

ते रबराकडेच बघत होते. "कधी लक्षात आलं?"

"त्याच घडीले."

"आणि मी तीन दिवस बॅटरीला शिव्या घालतोय, ते ऐकत होतास."

 साहेब म्हाताऱ्याला नमस्कार करून निघाले. पायवाटेनं, मग जीपमधून, चांद्यापर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. मागून बाई एकदा म्हणाली, "इमान तं भेटलं नं. मंग तोंड काऊन फुगवून राह्यले?" 

दोन रविवार गेले. मी दुकानात बसून लोकांचे रेडिओ उघडत होतो आणि बंद करत होतो. विसरलो याचं दुःख होतं, पण तीन दिवस लपवलं याची लाज जास्त होती. तिसऱ्या रविवारी सकाळी जीप दारात उभी राहिली. साहेबांनी खाली न उतरताच एक पुठ्ठा पुढे केला. त्यावर मोठ्या अक्षरात उड्डाणाआधीची कामं लिहिली होती. पहिलंच काम: पीळ भरणे व मोठ्याने सांगणे.

"मोठ्यानं," साहेब म्हणाले. "बाई मागे बसली आहे, ती ऐकेल. चल."

"पीळ भरला, साहेब," मी त्या दिवशी बांधीत असा ओरडलो की पलीकडच्या धुऱ्यावरचे बगळे उडाले.

विमान झकास चढलं. पण साहेबांची जुनी खोड गेली नव्हती. तिसऱ्या वळणाला त्यांचा गोंधळ उडाला, विमान भलतीकडे झुकलं, आणि शेजारी उभी असलेली बाई म्हणाली, "उजवा होऊन गेला, साहेब. आता डावा आहे." साहेबांनी ऐकलं. विमान सावरलं. पुढच्या वळणाला पुन्हा तेच. "सोडा. आता दाबा. आता उजवा." चौथ्यांदा सांगितल्यावर साहेब वैतागले आणि त्यांनी बटणच तिच्यापुढे धरलं. "घ्या. तुम्हीच उडवा."

मला वाटलं ती मागे सरेल. तिनं लुगड्याला हात पुसला आणि बटण घेतलं.

तिनं विमान उडवलं. बटणाकडे ती एकदाही पाहत नव्हती, नजर वर आणि अंगठा आपला चाललेला. वरची कांब, खालची कांब, पुन्हा वरची, अशी सारी हयात तिनं टोपलं विणण्यात घालवली होती. उजवा की डावा हा तिला प्रश्नच पडत नव्हता. तिनं विमान जंगलाच्या कडेपर्यंत नेलं आणि परत आणलं. आठचा आकडा काढला. साहेब तोंड उघडं टाकून बघत होते. इंजिन थांबलं, आणि तिनं ते वाऱ्याच्या तोंडी वळवून, बारीक बारीक दाबत, फणकटांवर असं उतरवलं की ते चाकांवर धावत येऊन आमच्यापासून दहा पावलांवर थांबलं. आमच्यापैकी कोणाच्या हातून ते असं उतरलं नव्हतं.

"हे काई कठीन नाई," ती म्हणाली. पण बटण द्यायला तिनं थोडा वेळ लावला, आणि तिचे डोळे चमकत होते.

पुढच्या रविवारी साहेबांनी हट्टानं बटण स्वतःकडे घेतलं आणि विमान विहिरीत घातलं. बांधीच्या टोकाला एक जुनी विहीर होती. सगळं शिवार मोकळं असताना त्यांनी नेमकी तीच गाठली. पाण्याचा आवाज आला तेव्हा बाई धुऱ्यावर बसून पोट धरून हसत होती. साहेब आधी डोक्याला हात लावून उभे राहिले, मग तेही हसू लागले, इतके की मला दोर बांधताना त्यांच्या हातून गाठ बसेना. शेवटी गाठ बाईनं मारली.

मी उतरलो. पंख वरच तरंगत होते, कागद भिजून पारदर्शक झालेला. पोटाचा पुढचा भाग तुटून इंजिनासकट बुडाला होता. पाणी छातीपर्यंत आलं, इतकं गार की दात वाजू लागले. मी पायानं गाळ चाचपत होतो. वरून दोन डोकी वाकून बघत होती आणि पुढच्या विमानाच्या पंखांवरून त्यांचं आतापासूनच भांडण चाललं होतं, साहेबांना ते लांब हवे होते, बाईला रुंद. माझ्या पायाच्या अंगठ्याला काहीतरी कडक, इंजिनाच्या कडांसारखं दातेरी लागलं.

"सापडलं," मी खालून ओरडलो. त्यांना ऐकूच गेलं नाही.