म्हशीपुढचं इंग्रजी

बायको गेली आणि म्हशीनं दूध चोरायला सुरुवात केली. रेडकापासून तिनंच वाढवलेली. धार काढताना बायको तिच्याशी सारखी बोलायची, मगच ती पान्हा सोडायची. माझ्या हाताला थेंब देईना, वर लाथ मारून बादली उलथवायची. मुलगा म्हणाला, विकून टाकूया. मी म्हणालो, आधी मला विक.

मग एका सकाळी सून गोठ्यात गेली, दार आतनं लावलं आणि बादली भरून बाहेर आली. पुढं रोज तसंच. माझ्या डोक्यात एकच आलं, इंजेक्शन. पान्हा यायला टोचतात, जनावर आतनं पोखरतं. आमच्या शिवाजी पेठेत तालमीतली पोरं दारात उभी राहून धारोष्ण दूध पितात. त्यांच्या पोटात हे घालायचं? गोठ्यातला केर चिवडला. म्हशीच्या मानेवर हात फिरवून टोचल्याची खूण शोधली. मेडिकलवाल्याला विचारून आलो, आमच्यातलं कोण आलतं का. काही घावलं नाही, म्हणून संशय आणखीच वाढला.

शेवटी पत्र्याच्या फटीला डोळा लावला. मोबाईल वैरणीच्या पाटीत उभा केलेला. त्यातली बाई विचारत होती, इंग्रजीत कुठं 'मच' म्हणायचं आणि कुठं 'मेनी'. सून म्हशीच्या पोटाला डोकं टेकून धार काढत हळू आवाजात तेच म्हणत होती. म्हैस निवांत रवंथ करत उभी.

दार वाजवलं. हे काय चाललंय म्हणून विचारलं.

"मामा, शोरूमात काउंटरची नोकरी हाय. तिथं इंग्रजी लागतंय."

"मग घरात बोल की. म्हशीपुढं कशाला?"

"घरात लाज वाटते. आत्तीच म्हणाल्या हुत्या, धार काढताना माझ्याजवळ बसून बोल, म्हस काय हसत न्हाय."

म्हणजे सासूसुनांचं हे आधीपासनं चाललेलं. म्हशीला दोघींच्या आवाजाची सवय झालेली. मला कुणी सांगितलं नाही.

"तिला काय कळत हुतं त्यातलं?"

"पाणी मच, म्हशी मेनी, एवढं पाठ झालतं त्यांचं."

"आपली तर एकच हाय."

"आत्ती पण हेच म्हणायच्या."

इंजेक्शनचा संशय गेला, पण दुसरा लागला. बायकोनं आणखी काय काय लपवलं माझ्यापासनं? विचारायला ती नाही.

दार आता उघडं ठेवायला सांगितलंय. मी बाहेर किटली घेऊन बसतो. सून एक वाक्य म्हणते, थांबते. त्या थांबण्यात बायको 'व्हय' म्हणायची म्हणे. म्हैस अजून तिथं कान वळवते.

परवा मीच बाहेरनं म्हटलं, व्हय.

म्हैस मान वळवून माझ्याकडं बघत राहिली. तिचाही माझ्यावर विश्वास दिसत नाही. पण धार तुटली नाही.