कुंकवाची डबी जिना चढते

अखिलाला एकदा 'नाही' म्हणून बघा, म्हणजे कळेल. तीन वर्षांची होती तेव्हा आत्यानं दटावलं होतं, नवरात्रातल्या कोलूत मांडलेल्या बाहुल्यांना हात लावायचा नाही म्हणून. पोरगी दोन्ही हात पाठीमागे बांधून बाहुलीला नाक लावून उभी राहिली. "हात कुठे लावलाय?" असं वर आत्यालाच विचारलं. आता दहा वर्षांची झाली आहे, पाचवीत आहे, आणि हट्ट तिच्यापेक्षा दोन बोटं उंच आहे.

तंजावरच्या मानंबुचावडीतलं हे घर चंद्रमती आत्याच्या नावावर. खाली आत्या, अखिला आणि तिचे आईबाप. वर गच्चीला लागून एक खोली, ती भाड्यानं द्यायची. घरात मराठी बोलतात. पुण्याचा कुणी पाहुणा आला की तो ऐकतो, थबकतो आणि हसतो. हसू दे मेल्याला! तीनशे वर्षं तमिळ मुलखात राहून भाषा जपली आहे, त्यानं पुण्यात राहून काय मोठा तीर मारला? असो.

आषाढात वरच्या खोलीत पेमा राहायला आली. भूतानची मुलगी, इथे नर्सिंग शिकते. बोलायला गोड, तमिळ मोडकं. गल्लीनं पहिल्याच दिवशी तिचं नाव 'चायनाकारी', म्हणजे चिनी बाई, ठेवलं. अखिलानं तिला पेमाक्का म्हणायला सुरुवात केली आणि शाळेत कुणी चायनाकारी म्हटलं तर त्याच्या डब्यातली इडली पळवायचा नियम केला.

तोवर आत्याचंही पेमाशी बरं होतं. इतकं बरं की एका रविवारी आत्या स्वतः जिना चढून सांबाराचं पातेलं घेऊन गेली. आता आत्याचं सांबार म्हणजे साधी गोष्ट नव्हे. सांबार तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात जन्मलं आणि त्यातलं खरं सांबार फक्त आपल्या घरात उरलं, यावर ती कोर्टात शपथ घेईल. गुडघे दुखत असताना ती वर गेली, झाकण काढलं, म्हणाली, "घे."

पेमानं तळहात तोंडावर धरला, एक पाऊल मागे सरली आणि काहीतरी पुटपुटत मान हलवली.

झालं! आत्या पातेल्यासकट खाली. "नाक दाबलं तिनं! माझ्या सांबारापुढे! हिंगाचा वास सोसवत नाही बाईसाहेबांना!" त्या दिवसापासून आत्या पेमाला पाण्यात पाहू लागली. वरून मिरच्यांचा खकाणा आला की भांडण, पाण्याची मोटर जास्त चालली की भांडण. शेवटी भाद्रपदात फाटकावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी तमिळ पाटी लागली आणि पेमाला निरोप गेला, दसरा झाला की खोली सोड.

दसऱ्यानंतर लगेच पेमाची परीक्षा. ती बिचारी रोज संध्याकाळी खोली शोधत फिरायची. फोनवर खोली असायची. दारात उभी राहिली, चेहरा दिसला, की खोली आत्ताच गेलेली असायची. कॉलेजच्या वसतिगृहात जागा नव्हती. पुस्तकं घेऊन पोरीनं जायचं कुठे, हे गल्लीत कुणी विचारलं नाही. अखिलानं विचारलं. आत्यानं तिला अभ्यास कर म्हणून सांगितलं.

योग बघा, अभ्यासच मदतीला आला. शाळेत प्रत्येकाला एका देशाची माहिती आणायची होती. चिठ्ठीत अखिलाला भूतान निघाला. वर्गातली सगळी पोरं संगणकावरून चित्रं काढायला धावली आणि ही वर धावली.

पेमाच्या खोलीत कोनाड्यात बुद्धाची लहानशी मूर्ती होती आणि पुढे पाण्याच्या सात वाट्या. सकाळी भरायच्या, संध्याकाळी रिकाम्या करायच्या. "पाणीच का?" अखिलानं विचारलं. पेमा म्हणाली, पाणी देताना कुणाचा जीव कचरत नाही, म्हणून. कड्याला घट्ट चिकटलेल्या मठाचा फोटो दाखवला. वाऱ्यावर फडफडणाऱ्या पाच रंगांच्या पताका दाखवल्या. वारा त्यांच्यावरच्या प्रार्थना दूर नेतो म्हणे. घरांच्या छपरांवर वाळत घातलेल्या मिरच्या दाखवल्या, सगळं छप्पर लालभडक. "आमच्याकडे मिरची चवीला घालत नाहीत," पेमा म्हणाली, "मिरचीचीच भाजी करतात." अखिलाला हा देश एकदम पसंत पडला.

मग पेमानं बशीत बिस्किटं ठेवून पुढे केली. अखिलानं खाण्याला जन्मात कधी नको म्हटलेलं नाही. तिनं दोन उचलली. पेमा खळखळून हसली.

"माझ्या आजीनं तुझ्या पाठीत धपाटा घातला असता! आमच्याकडे पहिल्यांदा लगेच घ्यायचं नसतं. असं करायचं." आणि तिनं तळहात तोंडावर धरला, एक पाऊल मागे सरली, मान हलवत पुटपुटली, "मेशू, मेशू." म्हणजे नको, नको. "मग समोरच्यानं पुन्हा विचारायचं. पुन्हा नको. तिसऱ्यांदा विचारलं की घ्यायचं. नाहीतर हावरट म्हणतात."

अखिलाच्या हातातलं बिस्कीट हातातच राहिलं. तिला पातेलं आठवलं. ती जिन्यावरून अक्षरशः घसरत खाली आली.

"आत्या! तिनं नाक नव्हतं दाबलं! तोंड झाकलं होतं! ती रीत आहे त्यांची! तू पुन्हा विचारायला हवं होतंस!"

आत्या कोलूच्या पायऱ्यांवर कापड अंथरत होती. तिनं मान वर केली नाही. "तुला शिकवून पाठवलंय होय? नाक कुठलं नि तोंड कुठलं, हे मला कळत नाही?"

"नाही कळलं!"

"अखिले!" आईनं, कनकलतानं, स्वयंपाकघरातून हाक मारली. "मोठ्यांना असं बोलतात का?" कनकलताला पेमाची कीव येत होती, पण नणंदेच्या घरात राहून नणंदेशी वाकडं कोण घेणार? ती गप्प बसायची. अखिलाला आईचा तेवढ्यापुरता राग आला.

नवरात्र बसलं. तंजावरात नवरात्र म्हणजे कोलू. पायऱ्यांवर वर देव, मध्ये राजेराण्या, खाली वाणी, गारुडी, माना डोलावणाऱ्या बाहुल्या, आणि सगळ्यांत खाली जमिनीवर पोरांनी मांडायचा देखावा. अखिलानं तपकिरी कागद चुरगाळून डोंगर केला, त्याच्या कड्याला खोक्याचा मठ चिकटवला, दोऱ्यावर पाच रंगांच्या पताका ओवल्या. बुद्ध मात्र तिनं खाली ठेवला नाही. पेमाक्काच्या देशात बुद्धाला माणसांच्या पायाशी ठेवत नाहीत, असं सांगून तिनं तो थेट देवांच्या पायरीवर चढवला. दशावतारात तो आहेच, म्हणून आत्याही काही बोलली नाही. उलट डोंगराकडे बघून म्हणाली, "छान झालाय गे."

"डोंगर चालतो," अखिला म्हणाली, "मग तिथलं माणूस का चालत नाही?"

आत्यानं डोळे वटारले. त्याच सुमारास फाटकावरची पाटी नाहीशी झाली. आत्यानं सगळं घर शोधलं, अखिलाला दहादा विचारलं. अखिलानं तोंडातून ब्र काढला नाही.

आता कोलूचं आमंत्रण द्यायची एक रीत आहे. घरातली पोर नवी पावडै, म्हणजे घोळदार परकर, नेसून कुंकवाची डबी घेऊन दारोदार जाते. बायकांना कुंकू लावते आणि संध्याकाळी या म्हणते. एकदा कुंकू लावलं की ते बोलावणं देवीचं. ते मागे घेता येत नाही, आणि आलेल्या बाईला विडा आणि सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली उसळ, दिल्याशिवाय धाडता येत नाही.

आत्यानं डबी हातात दिली आणि बोट नाचवलं. "सगळ्या गल्लीत जा. वर जायचं नाही."

अखिला सगळ्या गल्लीत गेली. परत आली. फाटकात क्षणभर थांबली. आई दारात उभी होती, तिनं पोरीकडे बघितलं, पोरीनं आईकडे. कनकलतानं नुसती मान आत वळवली. आणि अखिला पावडै सावरत धाडधाड जिना चढून गेली.

खाली येऊन ती आत्यासमोर उभी राहिली. "पेमाक्काला कुंकू लावलं. संध्याकाळी येणार आहे."

आत्या लाल झाली. हात उगारला, मग खाली घेतला. सणासुदीला पोरीवर हात कसा टाकायचा? "तुला नाही म्हटलं होतं ना मी?"

"हो. आणि मी ऐकलं नाही. मला शिक्षा कर. पण कुंकू पुसता येत नाही."

"बरं!" आत्या दात खाऊन म्हणाली. "येऊ दे. रीत म्हणून मी देईन. एकदा. एकदाच विचारीन, आणि सगळ्या बायका बघतील ती काय करते ते."

संध्याकाळी ओसरी बायकांनी भरली. कुणी गाणं म्हटलं, कुणी डोंगराचं कौतुक केलं, कुणी पाटी दिसत नाही, खोली गेली वाटतं, अशी चौकशी केली. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. पेमा आली. पायघोळ विणलेली किरा नेसलेली, डाव्या खांद्यावर लाल नक्षीची पट्टी, कपाळावर अखिलानं लावलेलं ऐसपैस कुंकू. देवापुढे त्या पट्टीशिवाय त्यांच्यातली बाई जात नाही, हे फक्त अखिलाला माहीत होतं. पेमानं चपला काढल्या, कोलूकडे पाहिलं, आपला डोंगर पाहिला, देवांच्या ओळीत बसलेला बुद्ध पाहिला आणि जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार केला.

आत्या सुंडलाचा द्रोण घेऊन पुढे आली. हात ताठ. "घे."

पेमाचा तळहात तोंडावर गेला. पाऊल मागे सरलं. मान हलली.

"पाहिलंत?" आत्या वळली. "पाहिलंत ना सगळ्यांनी? देवीच्या प्रसादापुढे!"

"अगंबाई!" कुणीतरी म्हणालं. पेमाचा चेहरा पांढराफटक पडला; काय चुकलं ते तिला कळेना. ती दाराकडे वळली. आणि दारात दोन्ही हात पसरून अखिला उभी.

"कुणी हलायचं नाही! आत्या, पुन्हा विचार!"

"बाजूला हो."

"नाही होणार! तिच्या गावात पहिलं नको म्हणजे नको नसतं. आणि तुझं तरी असतं का? परवा वरलक्ष्मी मामींच्या घरी काय केलंस?" आणि अखिलानं कंबरेवर हात ठेवला, मान वाकडी केली आणि हुबेहूब आत्याचा आवाज काढला. "'नको गे नको, आत्ताच जेवून आले, पोटात तिळाएवढी जागा नाही!' तीनदा म्हणालीस! मग चार पुरणपोळ्या खाल्ल्यास! मामींनी एकदाच विचारून ताट उचललं असतं तर?"

मग कोपऱ्यात बसलेल्या वरलक्ष्मी मामी फिसकन हसल्या. "चार नव्हे, पाच," त्या म्हणाल्या. आणि सगळी ओसरी हसायला लागली. त्यात अशी एकही बाई नव्हती जिनं नको नको म्हणून कधी ताट भरून घेतलं नव्हतं.

आत्या हसली नाही. द्रोण हातात धरून ती पेमाकडे बघत राहिली. तिच्या खांद्यावरच्या पट्टीकडे, कुंकवाकडे. मग द्रोण आणखी पुढे करून म्हणाली, "घे."

पेमानं तोंडावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी होतं, तरी रीत सोडली नाही पोरीनं.

अखिला डोळे मिटून उभी राहिली. आत्या एकदाच विचारणार होती, दोनदा झालं होतं.

"घे बाळ," आत्या तिसऱ्यांदा म्हणाली.

पेमानं दोन्ही हातांनी द्रोण घेतला आणि उभ्या उभ्या सगळं सुंडल खाल्लं. मग विचारलं, अजून आहे का?

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी कोलू उतरवताना आत्यानं कागदी डोंगर उचलला, तर खाली आधाराला फाटकावरची पाटी! तिनं अखिलाकडे पाहिलं. अखिलानं हनुवटी वर केली. आत्यानं पाटी काखोटीला मारली आणि जिना चढायला लागली. आता ही पेमाक्काला सांगणार, बॅग भर म्हणून! अखिला मागोमाग धावली.

पेमा पुस्तकांच्या पसाऱ्यात बसली होती. आत्याला बघून धडपडत उठली, लोणी आणि मीठ घातलेला चहा ओतला, पेला पुढे केला.

आत्यानं तळहात तोंडावर धरला. "नको नको," ती म्हणाली. आणि तिथेच उभी राहिली. हलेना.

पेमानं पुन्हा विचारलं. आत्यानं पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा पेला तोंडाशी आला तेव्हा आत्या खुर्चीवर बसली, घोट घेतला आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "अगे, सारात मीठ घालतात, चहात नाही!" असं मराठीत म्हणून तिनं दुसरा घोट घेतला. पाटी अखिलाच्या हातात दिली. "गच्चीवर उन्हात उपडी टाक. हिच्या मिरच्या वाळत घालायला होईल."

दोन दिवसांनी फाटकापाशी एक स्कूटरवाला थांबला. इथे पाटी होती ना, खोली आहे का, असं त्यानं विचारलं. आत्या तुळशीला पाणी घालत होती. "नाही," म्हणाली.

त्यानं पुन्हा विचारलं, भाडं थोडं जास्त देईन म्हणाला.

आत्या कंबरेवर हात ठेवून वळली. "अहो, तुम्ही काय भूतानचे आहात का? आमच्याकडे एकदा नाही म्हणजे नाही!"