लिफ्टवाल्याच्या आईचा मुक्काम

घर बघायला माणूस पाठवावा तर डोळे असलेला पाठवावा, असं लिफ्टवाल्याची बायको आजही म्हणते, आणि तिचं फारसं चुकत नाही.

लिफ्टा दुरुस्त करणं हा त्याचा बावीस वर्षांचा धंदा. त्याच कामासाठी परदेशातल्या एका कंपनीने त्याला बोलावलं. बायको, आठ वर्षांची लेक भिंगरी आणि आई एक महिन्याने येणार होत्या, तोवर याने पुढे जाऊन घर शोधायचं होतं. एजंटाने बिचाऱ्याने अकरा घरं दाखवली. तो आत खिडक्या उघडून दाखवायचा, नळ सोडून दाखवायचा, आणि हा पठ्ठ्या बाहेर लिफ्टमध्ये उकिडवा बसून फरशीवर नाणं उभं करायचा! लिफ्ट तळापासून वरपर्यंत गेली आणि नाणं पडलं नाही, तर लिफ्ट चांगली. आणि जिथे लिफ्ट नीट ठेवतात तिथली माणसंही नीट असतात, असा त्याचा ठोकताळा.

अकराव्या इमारतीत नाणं पडलं नाही. सहाव्या मजल्यावर घर रिकामं होतं. याने तिथेच होकार दिला.

"स्वयंपाकघर केवढं आहे?" बायकोने फोनवर विचारलं.

"लिफ्ट आठ माणसांची आहे," हा म्हणाला. "आईला काही म्हणता काही त्रास होणार नाही."

आता आईचं सांगायला हवं, कारण याचा सगळा जीव तिच्यात अडकला होता. वय अडुसष्ट. एवढ्या लांब यायला ती तयारच नव्हती. "तुमचं तुम्ही बघा, मी आपली धाकट्याकडे बरी," असं म्हणत होती. शेवटी भिंगरीने रडून गोंधळ घातला तेव्हा कुठे तयार झाली, तीही अट घालून. "तीन महिने राहून बघते. नाही रमले तर परत जाईन, आणि मग कुणी डोळ्यांतून पाणी काढायचं नाही."

कंपनीचीही मुदत नेमकी तीनच महिन्यांची होती. घरची माणसं आल्यापासून तेवढे दिवस शहरात काम करायचं, मग कायमचं कुठे राहायचं ते सांगायचं: इथेच, की चार तासांवरच्या लहान गावात. तिथे कंपनीकडे हॉस्पिटल आणि मंडई एवढंच काम, पण राहायला बैठं घर. लिफ्टवाल्याला गावात जायचं नव्हतं. उंच इमारती सोडून मंडईतली मालाची लिफ्ट पुसत बसायची म्हणजे हाडाच्या कारागिराला शिक्षाच की!

आई आली त्या दिवशी याने तिला हाताला धरून लिफ्टमध्ये नेलं. तिने याचा हात असा गच्च पकडला की नखं रुतली. डोळे मिटलेले. वर आल्यावर याने विचारलं, "कशी आहे?"

"छान आहे हो. कळलंसुद्धा नाही," आई म्हणाली.

झालं, गड्याची छाती फुगली. आई आपल्या लिफ्टवर खूश! आता चिंता मिटली.

चिंता कुठली मिटते? बायको रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला लागली, भिंगरी दोन गल्ल्या पलीकडच्या शाळेत जाऊ लागली. तिला पोहोचवायचं आणि आणायचं काम आजीचं. आणि महिन्याभरात आई वाळायला लागली. जेवून उठली की आडवी व्हायची. कधी बोलताना धाप लागायची. रविवारी सगळे मिळून बाहेर निघाले की म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे, मी भिंगरीबरोबर येते." मग या दोघी खाली यायला ही वेळ लावायच्या. डॉक्टरांना दाखवलं, तर ते म्हणाले हृदय ठणठणीत आहे.

"अहो, आईंना इथे करमत नाही," बायको म्हणाली. "बोलायला माणूस नाही, भाषा येत नाही. दिवसभर चार भिंतींकडे बघून माणूस झुरणार नाही तर काय? त्या जातील परत, बघा तुम्ही."

आई गेली तर? नुसत्या कल्पनेने याने जेवता जेवता ताट बाजूला सारलं. वडील लवकर गेले. या बाईने दोन पोरांना एकटीने वाढवलं, आणि म्हातारपणी आपण तिला आणून सहाव्या मजल्यावर कोंडलं! गावात बैठं घर, दारात खुर्ची टाकली की येणारी-जाणारी माणसं दिसतील. आठ दिवस विचार करकरून त्याने मनावर दगड ठेवला आणि शुक्रवारी सकाळी फोरमनला सांगितलं, "मी गावात जातो."

फोरमनला वाईट वाटलं, पण त्याने आडकाठी केली नाही. "संध्याकाळी पाचपर्यंत कागदावर सही कर," तो म्हणाला.

त्या दिवशी कामाच्या यादीत लिफ्टवाल्याची स्वतःचीच इमारत होती. सर्वात वर मशीनच्या खोलीत जाऊन त्याने पॅनेल उघडलं. या नव्या लिफ्टा सगळं लक्षात ठेवतात: कुठल्या मजल्यावरून किती वाजता बोलावणं आलं, दार किती वेळ उघडं राहिलं. गंमत म्हणून त्याने आपला सहावा मजला काढला; तिथे राहतं घर यांचं एकच. सात दहाला एक बोलावणं, म्हणजे तो स्वतः. साडेसातला बायको. त्यानंतर आतापर्यंत काहीच नाही. शाळा साडेआठची! त्याने आदला दिवस बघितला, मग आदला आठवडा, मग तीनही महिने. साडेआठच्या आसपास सहाव्या मजल्यावरून लिफ्टला कुणी एकदाही बोलावलेलं नव्हतं.

 हत्यारांची पिशवी उचलून तो जिन्याकडे वळला. या जिन्यावर त्याने तीन महिन्यांत पाऊल ठेवलं नव्हतं. लिफ्टवाला कशाला जिना चढतोय!

पाचव्या मजल्याच्या वळणावर एक खुर्ची होती. लाकडी, स्वयंपाकघरातली असावी, वर जुन्या स्वेटरची घडी. चौथ्यावर घडीची खुर्ची. तो तिच्यावर टेकला.

शेजारचं दार उघडलं. एक म्हातारा बाहेर आला, ट्रॅम चालवून निवृत्त झालेला. लिफ्टमध्ये दोघांची नेहमी गाठ पडायची, पण 'नमस्कार'च्या पुढे गाडी कधी गेली नव्हती.

"ऊठ," म्हातारा त्याच्या भाषेत म्हणाला. "ती आजीची खुर्ची आहे."

"मी तिचा मुलगा."

"होय?" म्हाताऱ्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तिला मुलगाही आहे म्हणायचा. तीन महिन्यांत या जिन्यात दिसला नाहीस कधी."

थोबाडीत बसली असती तरी एवढं लागलं नसतं.  लिफ्टवाला उठला. तिसऱ्या मजल्यावर पुन्हा खुर्ची, दुसऱ्यावर उशी ठेवलेला स्टूल, पहिल्यावर बाक. ज्याला जे जमलं ते त्याने दारासमोर आणून ठेवलं होतं.

शाळा सुटायच्या वेळी तो खाली पहिल्या पायरीवर बसून होता. आई आणि भिंगरी आल्या. त्याला बघताच भिंगरीने जीभ चावली.

"तुला कुणी सांगितलं?" आईने विचारलं.

"लिफ्टने."

"मेली चहाडखोर," आई म्हणाली, आणि पदर खोचून चढायला लागली.

तो मुकाट्याने मागून निघाला. पहिल्या मजल्यावरच्या बाकावर आई टेकली तेव्हा त्याने विचारलं, "अगं पण का?"

"तुझ्या वेळी सातवा महिना होता. कुठल्याशा कचेरीत गेले होते, तर दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली. चार तास! अंधार, आणि पोटात तू लाथा मारतोयस. तेव्हापासून पाय नाही ठेवला. तू आणलंस त्या दिवशी ठेवला तेवढाच."

"बावीस वर्षांत मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? पोरगा एवढ्या हौसेने लिफ्टा दुरुस्त करतोय, त्याला सांगू की तुझ्या आईला त्यांची धास्ती वाटते?"

 दुसऱ्या मजल्यावर कुत्रं घेऊन एक पोरगी उतरत होती, तिने "आजी!" म्हणून हाक मारली. भिंगरी मारते तीच हाक सगळ्यांनी उचलली होती. तिसऱ्यावरच्या शिवणकामवाल्या बाईने आईला सुईत दोरा ओवायला दिला. तिला स्वतःला धड दिसत नाही, आणि आईचे डोळे अजून तल्लख. चौथ्यावर ट्रॅमवाला तयारच होता. तो आपल्या भाषेत गुडघ्यांची तक्रार करत होता, आई मराठीत त्याला तिळाच्या तेलाचं सांगत होती, आणि दोघांचं उत्तम चाललं होतं.

पाचव्या मजल्यावर कुणी दाराची घंटा वाजवायच्या आतच एक तरुण बाई बाहेर आली. केस विस्कटलेले, डोळ्यांत झोप. तिने कडेवरचं तान्हं पोर आईच्या मांडीत ठेवलं आणि आत पळाली. आतून पाण्याचा आवाज यायला लागला.

"तिची आंघोळ," आई म्हणाली. "नवरा गावोगाव फिरतीवर. रोजची ही पंधरा मिनिटं, तेवढाच बिचारीला मोकळा वेळ." आणि पोराला मांडीवर थोपटायला लागली.

लिफ्टवाला समोर पायरीवर बसला. "आई, मी गावात जायचं कळवून आलोय. बैठं घर आहे. तुला चढावं लागणार नाही."

आईचा हात थांबला. "कुणाला विचारून?"

"तू परत जाशील म्हणून..."

"मला विचारलंस? बैठ्या घरात दारात बसवणार मला, शोभेला! मग हिने आंघोळ कधी करायची? सुईत दोरा कोण ओवणार? लिफ्टमधून जाणाऱ्याचं कोण असतं रे? सगळे आपले दाराकडे तोंड करून उभे. मी रोज पाच दारांवर थांबते, तेव्हा कुठे मला इथे माणसं मिळालीत."

"पण तू केवढी वाळलीस!"

"अडुसष्टाव्या वर्षी सहा मजले चढून बघ, तूही वाळशील. डॉक्टर काय म्हणाले? ठणठणीत!" पोर चुळबुळलं तशी तिने आवाज उतरवला. "आणि धाकट्याला मी पंधरा दिवसांपूर्वीच फोन करून सांगितलंय, माझी खाट कुणाला तरी देऊन टाक म्हणून. मी काही आता येत नाही."

साडेचार वाजत आले होते. लिफ्टवाल्याने तिथेच पायरीवर बसून फोरमनला फोन लावला. शहरातच राहतो, एवढंच त्याने सांगितलं. भिंगरी त्याच्या तोंडाकडे टकमक बघत होती. बाई केस पुसत बाहेर आली, तिने पोर घेतलं, आणि लिफ्टवाल्याने तिच्यापुढे हातच जोडले. बिचारीला काही कळलं नाही. तीच उलट त्याचे आभार मानत राहिली, अशी आई इथे आणलीस म्हणून.

राहिलेला मजला तिघं मिळून चढली. दारात चपला काढताना त्याला राहवलं नाही. "आई," तो म्हणाला, "राहिलीस, फार उपकार झाले गं तुझे."

"उपकार कसले बोलतोस मेल्या," आई धापा टाकत म्हणाली. "सहा मजले चढून आलेय, आधी पाणी दे."