रुईवाली नाही, घोळवाली: वणीच्या रस्त्याला एका मादीच्या मागे

"पोरा, तो साधा बिबळ्या कडवा आहे. आधी बारावीचं बायोलॉजी पूर्ण कर, मग नावं टाक."

हा मेसेज सकाळी पावणेसातला आला आणि सव्वासातला मी गाडीला किक मारली.

मेसेज आमच्या फुलपाखरांच्या ग्रुपचे अॅडमिन काका यांचा. हंगामात नाशिकमध्ये कोणी काय पाहिलं याची यादी तेच ठेवतात. नियमही त्यांचाच: तीनदा चुकीचं नाव टाकलं की त्या माणसाच्या नोंदी बंद. माझ्या दोन चुका आधीच झालेल्या. आदल्या रविवारी वणीच्या अलीकडे काढलेला फोटो मी 'छोटा चांदवा, मादी' म्हणून टाकला होता. काकांच्या मते ती इतक्या लवकर दिसतच नाही. ठीक आहे, म्हटलं, जाऊन दाखवतो.

माहीत नसणाऱ्यांसाठी भानगड सांगतो. बिबळ्या कडवा नारिंगी असतो, पंखांची टोकं काळी, त्यावर पांढरे ठिपके. रुई खाऊन वाढतो म्हणून अंगात कडू, पक्षी त्याला तोंड लावत नाहीत. छोट्या चांदव्याची मादी अजिबात कडू नाही, पण कपडे हुबेहूब त्याचेच घालून फिरते. तिचा नर मात्र काळाकुट्ट, पंखांवर मोठे पांढरे चांद, त्यांना जांभळी झाक. त्याला कोणीही ओळखेल. घोळ होतो तो मादीचा.

दिंडोरी रोडने वणी चाळीसेक किलोमीटर, आरामात सव्वा तास. मला साडेपाच तास लागले. पंचवटी सोडताना डोक्यावरून विमान गेलं आणि मी त्याच्या मागे ओझरला वळलो. का, ते विचारू नका. तिथे विमानांच्या कारखान्याकडे कॅमेरा रोखू नका, उगाच चौकशी होते. पण रस्त्याच्या कडेला रुई माजलेली होती आणि तिच्यावर खरे बिबळे कडवे. मी गुडघ्यावर बसून त्यांच्या मागच्या पंखांवरचे काळे ठिपके मोजायला लागलो.

टपरीवर चहा पिणारा एक कामगार ओरडला, "काय हरवलं का रे?"

"नाही, फुलपाखरं बघतोय."

"घ्या! आत आम्ही विमानं बनवतो, आणि हा बाहेर फुलपाखरं मोजतो."

"तुमचं विमान अळीपासून होतं का?" मी म्हटलं. त्याने हसून माझाही चहा सांगितला.

तर ठिपके. बिबळ्याच्या मागच्या पंखावर मधोमध काळे ठिपके असतात, नराला चार, मादीला तीन. चांदव्याच्या मादीला त्याच पंखाच्या वरच्या कडेशी एकच. एवढं पाठ करा, बाकी पुस्तक मग वाचा. मीही अजून वाचलेलं नाही.

आतल्या रस्त्याने दिंडोरी गाठली. रस्ता बरा आहे, ट्रॅक्टरांनी सांडलेला चिखल सोडून. वणीत पोचून मिसळ मागवली आणि माझा रविवारचा फोटो मोठा करून पाहिला. इतके दिवस मी जिला पानाची सावली समजत होतो ते दोन ठिपके होते. कडेचा एक धरून तीन.

म्हणजे काका बरोबर होते.

मिसळीचा पाव हातातच राहिला. परत फिरावं, गुपचूप माफी मागावी, असं वाटलं. पण फोटो चुकला म्हणून ती मादी येतच नाही, हे कुठे सिद्ध झालं? त्या रविवारी दुसरंही एक नारिंगी होतं, मी मोबाईल काढेपर्यंत पसार झालेलं. मी पाचशेची खोली घेतली. यात्रा नसताना देवीच्या गडाच्या पायथ्याशीही खोल्या मिळतात, आधी फोन करायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी गेलो. बांधाच्या आत टोमॅटोचं वावर, त्यात दोघी जावा खुरपत होत्या, थोरल्या ताराबाई आणि धाकट्या सुमन. मी बांधावर वाकलेला बघून ताराबाईंनी हाक दिली.

"ओ भाऊ, कोणत्या औषधाचे तुम्ही? आमच्याकडं उधारी चालत नाय!"

"मी कंपनीचा नाही, मावशी. फुलपाखरू शोधतोय. नारिंगी, काळ्या टोकांचं."

"रुईवालं का घोळवालं?"

मी उभाच राहिलो. "दोन वेगळी आहेत?"

"मंग! रुईवाली लय निवांत. हात लावला तरी बसून ऱ्हाती, मालकीण असल्यागत. घोळवाली लबाड हाय. सावली पडली की सटकती. अंडी घोळीवर घालती ना, तिची अळी काटेरी. रुईवरची गुळगुळीत, पट्ट्याची."

"आक्का दिवसभर खाली बघून काम करती," सुमन म्हणाली, "तिला वरचं काय दिसत नाय, घोळीतलं समदं दिसतं."

घोळ म्हणजे आपण भाजी करतो ती, लाल देठांची. त्या वावरात ती गालिचा टाकल्यासारखी पसरली होती, आणि दोघी ती उपटत पुढे येत होत्या. राहिल्या होत्या फक्त चार सऱ्या.

"मावशी, एवढ्या सऱ्या ठेवा ना."

"आन मालकाला काय सांगू, फुलपाखरू यायचं हाय? खुरपं घे अन् लाग. तुझ्या वाटची तूच उपट, हवी ती घरी ने."

मग लागलो. अर्ध्या तासात कंबर गेली. सुमन म्हणाली, "शाळा शिकला असता तर अशी वेळ आली नसती," आणि दोघी खुरपं टाकून हसल्या. तेवढ्यात ती आली. वीतभर अंतरावर घोळीवर टेकली, पोटाचं टोक वाकवलं, पानाखाली काहीतरी ठेवलं. मागच्या पंखावर एकच ठिपका. माझे हात चिखलात, मोबाईल खिशात. हललो मात्र, आणि सटकली.

"बघितलं? लबाड," ताराबाई म्हणाल्या.

फोटो नाही. पण चार रोपं मुळांसकट पिशवीत घेतली, पानांखाली टाचणीच्या डोक्याहून बारीक अंडी. वणी ते नाशिक पिशवी हँडलला लावून आलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुठेही वळलो नाही.

घरी आईने घमेल्यात घोळ लावून दिली. "भाजी मला की तुझ्या अळ्यांना?" हा प्रश्न तिने तीन आठवडे रोज विचारला. अळ्या निघाल्या पाच, काळ्या, काटेरी. कोष झाले दोन. एक वाळून गेला. दुसऱ्यातून सकाळी जो बाहेर आला तो काळाकुट्ट, पंखांवर पांढरे चांद. नर! त्या मादीची ओळख पटत नव्हती ना, मग घ्या तिचा लेक.

ग्रुपवर दोन फोटो टाकले. रविवारचा, खाली लिहिलं, 'हा बिबळ्याच, चूक माझी.' आणि हा नर, कुठल्या घोळीवरून आणला त्यासकट.

काका बराच वेळ टाईप करत होते. "कबूल केलंस, बरं वाटलं. तिसरी चूक धरत नाही. अंडी घातलेली तारीख धरून नोंद घेतो. नाव तुझं."

"आधी ताराबाईंचं, मग माझं."

"त्या ग्रुपच्या सदस्य नाहीत."

"मग माझंही नको."

यादीत ती ओळ अजून नाही. नसू दे. माझ्या वहीत आहे, पहिल्या पानावर, दोन नावांनी.

त्या संध्याकाळी तोच नराचा फोटो ताराबाईंना पाठवला, नंबर वावरातून निघतानाच घेतला होता. लगेच फोन आला. "हे काळं कोण धाडलंस? आपली तर लाल व्हती."

"तिचाच मुलगा आहे, मावशी."

पलीकडे त्यांनी सुमनला फोटो दाखवला असणार, कारण आधी दोघींचं हसू ऐकू आलं आणि मग ताराबाई म्हणाल्या, "बापावर गेलाय."