संपल्यावर बघू

अवधूत कर्णिक भिवंडीच्या कोर्टात एकतीस वर्षं कारकून होते. त्या काळात त्यांनी जेवढे दावे निकाली निघताना पाहिले, त्याहून जास्त नुसते पडून राहिलेले पाहिले. वादी मरायचा, त्याच्या जागी मुलं लागायची, तोवर प्रतिवादी मरायचा. वडपे गावच्या एका बांधाचा दावा त्यांच्याकडे नोकरीच्या पहिल्या वर्षी आला आणि निवृत्तीच्या दिवशी त्यांनी तो तसाच पुढच्याच्या हवाली केला. त्यामुळे ओळखीपाळखीच्यांना वाटायचं, यांचा तो प्रसिद्ध हट्ट कोर्टातूनच आलेला असणार. हट्ट असा, की चालू असलेली मालिका बघायची नाही. ती पुरी होऊ दे, शेवट नीट झालाय असं चार जण म्हणू देत, मग पहिल्या भागापासून बसू.

पण हट्ट कोर्टातून आलेला नव्हता, घरातून आला होता.

अवधूतरावांचा थोरला भाऊ, घरातला दादा, सत्त्याऐंशी साली पडघ्याला मित्राच्या लग्नाला म्हणून निघाला आणि परत आला नाही. लग्नातही पोचला नव्हता. पोलिसांत तक्रार झाली, पेपरात फोटो आला, नाशिकपर्यंतचे दवाखाने पालथे घातले. काहीच हाती लागलं नाही. त्यानंतर सात वर्षांनी टीव्हीवर दर मंगळवारी एक मालिका लागू लागली. तिच्यात एका बाईचा तरणा मुलगा हरवलेला असतो आणि ती गावोगाव त्याला शोधत फिरते. आई संध्याकाळपासूनच जागा धरून बसायची. एकोणिसाव्या भागात ती बाई एस्टी स्टँडवर उभी असते, बस येते, दारातून कुणाचा तरी पाय पायरीवर पडतो, आणि भाग संपतो.

पुढच्या मंगळवारी त्या वेळेला प्रश्नमंजूषा लागली. आईने ती शेवटपर्यंत पाहिली, मध्येच मालिका सुरू होईल म्हणून. त्याच्या पुढच्या मंगळवारीही पाहिली. अवधूतरावांनी दोन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. "कोण उतरलं रे बसमधून?" आई विचारायची. आधी मंगळवारी विचारायची, मग कुठल्याही वारी, शेवटी शेवटी जेवताना घास हातात धरून. दीड वर्षाने ती गेली. तिच्या मागे अवधूतरावांच्या मनात त्या मालिकावाल्यांबद्दल एक राग कायमचा राहिला. दादावरचा रागही त्यातच मिसळला असावा, पण तसं ते कधी बोलले नाहीत.

सुनीतीबाईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, अगदी उलट. त्या नगरपालिकेच्या शाळेत शिकवायच्या. काहीही सुरू करायला त्यांना भीती वाटत नसे. अर्धं पुस्तक वाचून आवडलं म्हणून दुसऱ्याला देऊन टाकत. मालिका बंद पडली तर म्हणत, "जेवढी बघितली तेवढी तर मिळाली ना." समोरच्या घरात राहणाऱ्या हबीबाताई त्यांच्या मैत्रीण. हबीबाताईंची दोन्ही मुलं सुनीतीबाईंच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे पन्नाशी उलटल्यावरही त्या सुनीतीबाईंना "बाई"च म्हणायच्या.

साठाव्या वर्षी सुनीतीबाईंना फुप्फुसांचा आजार निघाला. फुप्फुसं हळूहळू निबर होत जातात, डॉक्टर म्हणाले, आणि झालेली परत मऊ होत नाहीत. अवधूतरावांनी विचारलं, "किती वर्षं?" डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही. दोन म्हणा, चार म्हणा." अवधूतरावांना असलं उत्तर सहन होत नसे. घरी आल्यावर सुनीतीबाई म्हणाल्या, "अहो, बसा जरा, आपण बोलू." ते म्हणाले, "पुढचा रिपोर्ट येऊ दे, मग बोलू." पुढचा रिपोर्ट आला, आणि मग त्याच्या पुढचा.

त्यांनी बायकोचं काही कमी केलं असं मात्र कुणी म्हणू नये. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. वीज गेली की मागच्या गल्लीतले लूम एकदम थांबत, आणि ती शांतता कानावर पडायच्या आत अवधूतराव इन्व्हर्टरपाशी पोचलेले असत. ते स्वयंपाक शिकले. बोटाला लावायच्या यंत्रावरचा आकडा दिवसातून चार वेळा वहीत लिहू लागले. बायकोला आंघोळ घालत, केस विंचरत. फक्त रात्री साडेआठला सुनीतीबाई आणि हबीबाताई टीव्हीसमोर बसल्या की ते स्वयंपाकघरात जाऊन दुसऱ्या दिवशीची भाजी निवडत बसत.

तेव्हा 'काठावरच्या दोघी' नावाची मालिका नुकती सुरू झाली होती. खाडीकाठच्या गावात दोन बहिणी, मध्ये एकच भिंत, आणि बावीस वर्षांचा अबोला. त्या कशावरून बोलेनाशा झाल्या ते थोडं थोडं करून उलगडत जायचं.

"अहो, या ना," सुनीतीबाईंनी एकदा हाक मारली. "बावीस मिनिटांचा तर भाग असतो."

"किती भाग होणार आहेत?"

"ते कोण सांगणार?"

"मग संपू दे. संपल्यावर बघू दोघं, पहिल्यापासून."

"आमची हफसा तेच करते," हबीबाताई म्हणाल्या. हफसा त्यांची सून. "मोबाइलवर पुरा सीझन आल्याशिवाय हात लावत नाही. म्हणते, जीव लावायचा आणि मध्येच कापून टाकतात, कशाला?"

"आणि तुम्ही सगळे असे थांबून बसता म्हणूनच कापतात," सुनीतीबाई म्हणाल्या. बोलताना त्यांना दम लागला, म्हणून उरलेलं वाक्य त्यांनी दोन तुकड्यांत म्हटलं. "बघायला कुणी नाही म्हणून बंद होते. आणि बंद होईल म्हणून... कुणी बघत नाही."

अवधूतराव हसले आणि आत गेले. शेंगा मोडायच्या राहिल्या होत्या.

सहा महिन्यांनी मालिकेची वेळ बदलून संध्याकाळी सहा झाली. हबीबाताई म्हणाल्या, हे लक्षण बरं नाही. महिन्याभरात खाली पट्टी फिरू लागली, शेवटचा आठवडा. त्याच आठवड्यात, सोमवारी सकाळी, बोटावरचा आकडा एकाहत्तरच्या वर जाईना. रुग्णवाहिकेतून त्यांना मानकोलीच्या पुढे ठाण्याच्या बाजूच्या एका हॉस्पिटलात नेलं. अतिदक्षता विभागात सकाळी अकराला आणि संध्याकाळी चारला, दहा-दहा मिनिटं, एकालाच आत सोडत.

शुक्रवारी सुनीतीबाईंनी तोंडावरचा मास्क बोटाने जरासा उचलला. "उद्या शेवटचा भाग आहे," त्या म्हणाल्या. "बघा. आणि मला सांगा, बोलल्या का."

"कोण?"

"त्या दोघी."

शनिवारी सहा वाजता अवधूतराव हबीबाताईंच्या घरी जाऊन टीव्हीसमोर बसले. कोण कुणाचं कोण, हे हबीबाताई शेजारून सांगत होत्या, पण भाग इतक्या घाईत पळत होता की ते त्यांच्या डोक्यात बसेना. थोरली बहीण कुठे दिसलीच नाही. भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो होता. धाकटी त्या फोटोसमोर उभी राहून खूप बोलली, कोर्टातली केस मिटली, कुणाचं तरी लग्न ठरलं, आणि सगळे हात जोडून उभे राहिले.

"ती थोरलीवाली दुसऱ्या मालिकेत गेली म्हणे," हबीबाताई म्हणाल्या. "म्हणून मारून टाकली. कालपर्यंत चांगली चालती-बोलती होती. बावीस वर्षं बोलू दिलं नाही आणि आता फोटोशी बोलायला लावतात."

टीव्ही बंद करून त्या म्हणाल्या, "कर्णिकभाऊ, बाईंना हे सांगू नका."

"नाही सांगत."

अवधूतरावांनी जन्मात कधी खोटी नोंद केली नव्हती. रविवारी मानकोलीला रिक्षा ट्रकांच्या रांगेत अडकली, तेव्हा त्यांनी काय सांगायचं ते दोनदा घोकून घेतलं. अकराला आत गेले, खुर्ची ओढली, बायकोचा हात हातात घेतला.

"बोलल्या," ते म्हणाले. "दोघी बोलल्या."

सुनीतीबाईंचे डोळे उघडले. "कोण आधी बोललं?"

"थोरली."

"काय म्हणाली?"

त्या बहिणी कशावरून भांडल्या हेच अवधूतरावांना माहीत नव्हतं. त्यांचं घर कसं, दारात काय, एकमेकींना त्या लहानपणी काय म्हणत, काही माहीत नव्हतं. "म्हणाली, शेवंता, झालं गेलं विसर," ते म्हणाले.

सुनीतीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मास्कच्या आत श्वासाची वाफ धरत होती, जात होती. मग त्यांनी मास्क उचलला.

"शेवंता थोरलीचं नाव आहे," त्या म्हणाल्या. "धाकटी मालती."

"मग मालती म्हणाली असेल. माझीच गल्लत झाली."

"असू दे."

त्यांनी मास्क पुन्हा नीट बसवला आणि डोळे मिटले. त्यात राग नव्हता, हेच अवधूतरावांना फार लागलं. नर्सने वेळ संपल्याचं सांगितलं, तेव्हा सुनीतीबाईंचा हात त्यांच्या हातातच होता, पण बोटांनी काही धरलेलं नव्हतं. चारला ते पुन्हा गेले. त्या झोपेत होत्या. सोमवारी घशात नळी घातली आणि मग बोलणं उरलंच नाही. मंगळवारी दुपारी त्या गेल्या.

दिवसकार्य झालं. मुलगी, ईरा, बंगळूरहून आली होती, ती पंधरा दिवस राहून परत गेली. मशीन भाड्याचं होतं, ते घेऊन गेले. मग अवधूतरावांनी ईराने टीव्हीत घालून दिलेल्या ॲपवर 'काठावरच्या दोघी' शोधली आणि सकाळी चहा घेऊन पहिल्या भागासमोर बसले. ही मालिका कुठे जाऊन कशी मोडते ते त्यांना ठाऊक होतं, तरी बसले. रोज तीन भाग. मालिका चांगली होती. विहिरीवरून पाणी भरताना दोघी बहिणी एकमेकींसाठी पोहरा भरून ठेवतात आणि न बोलता निघून जातात, असा एक प्रसंग होता. तो त्यांनी थांबवून पुन्हा लावला, आणि सवयीने वळून बघितलं.

अठ्ठावन्न भाग झाले. एकोणसाठावा लावायला गेले तर पडद्यावर आलं, हा कार्यक्रम उपलब्ध नाही. ईराला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, काढून टाकली असेल त्यांनी. बंद झाल्या की काढतात." तिने इकडेतिकडे शोधलं, पण कुठेच मिळाली नाही.

त्या दिवशी पाच वाजता त्यांनी समोरचं दार वाजवलं. हबीबाताई पीठ मळत होत्या.

"एकोणसाठपासून पुढचं सांगाल?" अवधूतराव म्हणाले. "रोज थोडं थोडं. तुम्हाला वेळ असेल तसं."

हबीबाताईंनी हात धुतले. त्यांना गोष्ट सांगता येत नसे. पुढचं मागे व्हायचं, एखादं पात्र विसरायचं आणि तीन दिवसांनी आठवायचं. पण मालिकेबरोबर सुनीतीबाईही आपसूक येत. इथे बाई हसल्या. इथे बाई म्हणाल्या, आता ही खोटं बोलणार बघ. इथे त्यांनी मशीनचा आवाज होतोय म्हणून ते जरा बंद कर म्हटलं, आणि मी नाही केलं. अवधूतराव मान खाली घालून ऐकायचे.

असं करत नव्वदाव्या भागापर्यंत आले. धाकटी तापाने फणफणते आणि थोरली रात्रभर भिंतीच्या पलीकडे बसून राहते, पण दार ओलांडत नाही, तो भाग. हबीबाताई सांगण्याच्या ओघात होत्या. "तेव्हा मी बाईंना म्हटलं, कर्णिकभाऊंना बोलवा, हा भाग तरी बघू दे. तर बाई म्हणाल्या, राहू दे. ते सगळं संपल्यावरच बघतात. मी संपले की माझंही बघतील."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. त्या उठल्या आणि आत जाऊन पाणी घेऊन आल्या. अवधूतरावांनी पेला घेतला, पण प्यायले नाहीत.

"मग?" पेला खाली ठेवत ते म्हणाले. "थोरली गेली का आत?"

"ते नाही माहीत," हबीबाताई म्हणाल्या. "पुढचे तीन भाग मी नाही पाहिले. माझ्या लेकीच्या, कौसरच्या बाळंतपणाला गेले होते. बाईंनी एकट्यानेच पाहिले. मी आल्यावर सांगत होत्या मला, पण त्यांना फार दम लागत होता. मीच म्हटलं, राहू दे बाई, नंतर सांगा."

त्या तिन्ही रात्री अवधूतराव घरातच होते. मधलं दार उघडं होतं आणि टीव्हीचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. त्यांनी आठवून बघितलं. एकही शब्द आठवला नाही.

हबीबाताई खालमानेने ओढणीचा काठ बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

"बरं," अवधूतराव म्हणाले. "मग चौऱ्याण्णवपासून सांगा."